उपड्या हातावरची पावडर

मी बरणी बोलतेय. काचेची, गोल, पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाची. झाकणाला आता गंज चढलाय आणि माझ्या गळ्याशी एक टवका उडालाय, पण ऐकायला बसणार असाल तर तिकडे लक्ष देऊ नका. मी सांगणार आहे ते सगळं माझ्यासमोर घडलेलं आहे. काचेला दुसरं काही येत नाही, बघता तेवढं येतं.

माझी भट्टी कुठे होती, मला कोणी फुंकलं, ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण लोणच्याची. कुठल्याशा कंपनीचं आंब्याचं लोणचं पोटात घेऊन मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, विजयाबाईंच्या स्वयंपाकघरात आले. लोणचं संपलं तसं विजयाबाईंनी मला गरम पाण्यात बुडवून लेबल सोललं, दोन दिवस उन्हात पालथं घातलं आणि माझ्यात मेतकूट भरलं. मेतकुटाची बरणी म्हणून मी सहा वर्षं त्या फळीवर काढली. सुखाची वर्षं होती. घरात मराठी चालायची, दाराबाहेर हिंदी, आणि मुलगा यशोधन आईच्या मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायचा. विजयाबाई कुरकुरायच्या, तो हसायचा, आणि भातावर मेतकूट-तूप घेऊन जेवायचा.

विजयाबाईंचे यजमान श्रीपाद एका गिरणीच्या गोदामात भांडारपाल होते. गिरणी बंद पडली. त्याच हिवाळ्यात छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी. बघता बघता शहराला पांढरं दिसायची घाई सुटली. पांढऱ्या गाड्या आल्या, साहेबांच्या खुर्च्यांवर पांढरे टॉवेल आले, कालपर्यंत चौकड्याचा शर्ट घालून पान खाणारी माणसं कडक पांढऱ्या कुडत्यात फिरू लागली. श्रीपादांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "विजया, इतके पांढरे कपडे कोणीतरी धुवून राहिलं असेल की नाही?"

रायपूरला लागून असलेल्या बीरगावात त्यांनी पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली. कपडे धुण्याची पावडर करायची. जायच्या दिवशी त्यांना नमुना ठेवायला भांडं हवं होतं. माझ्यातलं मेतकूट त्यांनी एका डब्यात ओतलं आणि मला स्कूटरच्या पिशवीत घातलं. विजयाबाई म्हणाल्या, "अहो, माझी चांगली बरणी!" पण तोवर स्कूटर सुरू झाली होती.

मला मात्र मान मिळाला, हे खोटं का बोलू? शेडच्या एकुलत्या एका खिडकीत माझी जागा ठरली. त्यांनी केलेली पहिली पांढरीशुभ्र पावडर माझ्यात भरली आणि सांगितलं, "हा नमुना. रोजचा माल या बरणीशी लावून बघायचा. हिच्यासारखा पांढरा दिसला तर पोत्यात, नाही तर पुन्हा." मी फुगले. जिच्याशी सगळ्यांची तुलना होते तिला फुगायला वेळ लागत नाही.

पावडर कशी होते ते मी खिडकीतून रोज पाहायची. जमिनीवर सोड्याचा ढीग, मधोमध आळं, त्या आळ्यात स्लरी ओतायची. स्लरी म्हणजे काकवीसारखं दाट, तपकिरी आम्ल. सोड्यावर पडलं की तापतं, फसफसतं, डोळ्यांत जाणारी वाफ येते. मग फावड्यानं उलटंपालटं करायचं, वाळलं की गठ्ठे हातानं फोडायचे आणि चाळायचं. एवढं झालं की पावडर तयार, कपडा धुवायला अगदी पुरेशी. पण ती दिसते पिवळट. म्हणून पुढचा सगळा खटाटोप. चिमूटभर नीळ घालायची, कारण पिवळ्यावर निळं चढवलं की माणसाचा डोळा त्याला पांढरं म्हणतो. उन्हात चमकावं म्हणून आणखी एक महागडी भुकटी घालायची, अगदी थोडी. पिशवीला आतून निळा कागद लावायचा. विजयाबाई एकदा शेडवर आल्या तेव्हा हे बघून म्हणाल्या होत्या, "कपड्याला सोडा लागतो. नीळ लागते ती गिऱ्हाइकाच्या डोळ्याला."

हे सगळं करायची कुसुम. भंडाऱ्याकडची बाई. नवरा शेजारच्या उरला वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे होता, तो तापानं गेला, आणि ती सोनिया नावाच्या मुलीला घेऊन बीरगावातच राहिली. कामाला आली तेव्हा तिची बोली ऐकून श्रीपाद खूश झाले. "आपल्यातलीच आहेस तू. मालक-बिलक म्हणू नको, भाऊ म्हण." ती भाऊ म्हणू लागली. रंगानं ती गडद काळी होती, हात मोठे, बोटं लांब. गठ्ठे फोडताना गुणगुणायची. वाफ आली की पदर नाकाला लावायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "तुले काय, तू बस खिडकीत पाटलिणीसारखी."

आता माझ्यातली एक खोड सांगते, कारण पुढच्या सगळ्याची सुरुवात तिथून आहे. उन्हात ठेवलेली पावडर दोन-तीन आठवड्यांत उतरते. तिची चमक जाते, ती पिवळी पडते. श्रीपाद मग मला रिकामी करून नवा नमुना भरायचे, आणि भरताना त्या महिन्यातली सगळ्यात पांढरी मूठ निवडायचे. म्हणजे पुढच्या महिन्याचा माल त्या सगळ्यात पांढऱ्या मुठीसारखा हवा. त्यातून परत सगळ्यात पांढरी मूठ. अशी माझी मागणी महिन्यागणिक वाढत गेली. मी काही बोलले नाही, बोलता येत असतं तरी बोलले नसते. मला तेव्हा ते आवडत होतं.

दुसऱ्या वर्षी स्लरी काळपट येऊ लागली. माल काही केल्या माझ्याशी जुळेना. अभनपूरच्या भैय्यालालनी, म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं, पोती परत पाठवली. भैय्यालालची रीत ठरलेली होती. दुकानापुढच्या उन्हात उभं राहायचं, पावडर हातावर घ्यायची आणि डोळे बारीक करून बघायचं. धुवून कधी बघितली नाही.

एका बाजारच्या दिवशी श्रीपाद मला आणि कुसुमला घेऊन अभनपूरला गेले. पोती उतरवायला माणूस हवा होता. भैय्यालाल म्हणाले, "दिखाओ," आणि कुसुमच्या हातात पोत्याचं तोंड होतं म्हणून तिनं दुसऱ्या हाताच्या पाठीवरच थोडी पावडर घेऊन पुढे केली. त्या काळ्या हातावर उन्हात ती पावडर अशी लखलखली की भैय्यालालनी मान मागे घेतली. "हव भाई, ये हुई ना सफेदी!" पावडर तीच होती. पिवळटच. सगळी पोती उतरली.

श्रीपादांनी परतीच्या वाटेवर दोनदा वळून तिच्या हाताकडे पाहिलं. बीरगाव आलं तेव्हा म्हणाले, "कुसुमबाई, आता दर बाजाराला तू येत जा."

त्यानंतर दोन वर्षं मी तोच देखावा पाहिला. अभनपूर, आरंग, तिल्दा. जिथे जिथे दुकानदार बाहेर येई, तिथे श्रीपाद म्हणायचे, "कुसुमबाई, हात." सुरुवातीला ती सवयीनं तळहात पुढे करायची, जसं कोणीही करील. तळहात उजळ असतो. "असा नाही. उपडा कर." ती हात उपडा करायची. मग ते माझं झाकण काढून चमचाभर पावडर तिच्या हाताच्या पाठीवर सांडायचे. दुकानदार हाताकडे बघायचे, हाताच्या वर काय आहे तिकडे कोणी बघत नसे. ती बाजूला कुठेतरी, एखाद्या बैलाकडे नाही तर पाटीवरच्या अक्षरांकडे बघत उभी राहायची. एकदा परत येताना ती म्हणाली, "भाऊ, मले कसंतरी वाटते." श्रीपाद म्हणाले, "अगं, तुझ्या हाताला यश आहे, लक्ष्मीचा हात आहे तुझा." ते हे मनापासून म्हणाले. म्हणून तर पुढच्या बाजारालाही तिनं हात पुढे केला.

आणि मग तेलाची गोष्ट आली. सोडा हात खातो. कुसुम रोज निघताना आणि सकाळी येताना हातांना खोबरेल चोळायची, तेवढाच काय तो आधार. पण तेलाच्या हातावर पावडर चिकटते, गोळा होते, ओली आणि पिवळी दिसते. श्रीपादांनी सांगितलं, "बाजाराच्या दिवशी तेल नको." पुढे गठ्ठ्यांतही तेलाचे डाग पडतात असं त्यांच्या डोक्यात बसलं. "कामावर तेल लावून यायचंच नाही." तिनं रबराचे हातमोजे मागितले. ते म्हणाले, "मोज्यात हात घामेजतो, हाताचा रंग उतरतो. राहू दे."

हाताच्या पाठीला भेगा पडल्या. त्या भेगांवर एक दिवस स्लरी उडाली. ती ओरडली नाही, हात तोंडाशी नेऊन फू फू करत राहिली, मग टाकीकडे पळाली. फोड आले, फुटले, खपली धरली. खपली पडली तेव्हा खाली पांढरं निघालं. चवलीच्या नाण्याएवढा एक डाग, अंगठ्याखाली. पुन्हा स्लरी उडाली, दुसरा डाग झाला. वर्षभरात दोन्ही हातांच्या पाठीवर ते एकमेकांना मिळाले. तोवर बाजारात श्रीपाद पावडर उरलेल्या काळ्या जागेवर सांडायचे, डाग पदराखाली झाकायला सांगायचे. तिच्या काळ्या हातावर ते फार उठून दिसायचे. मला आठवतं, एका सकाळी तिनं हात माझ्या काचेला लावून माझ्यातली पावडर आणि स्वतःची कातडी शेजारी शेजारी धरून पाहिली. त्या दिवशी मी फुगायचं सोडलं.

ती सरकारी दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भाजल्याचं आहे, रसायनाचं आहे, अंगात काही नाही, पसरणार नाही, पोटच्या पोरीला होणार नाही. चिठ्ठीवर मात्र फक्त मलमाचं नाव होतं.

याच दिवसांत सोनियाचं लग्न ठरलं. मुलगा अभनपूरचा, धान्याच्या गोदामात कामाला, घर विदर्भातलंच. कुसुम कामावर पुन्हा गुणगुणू लागली. मला पुसताना सांगायची, "चांगले लोक हायेत. पोट्टा दारू पीत नाही. सासू मले म्हणते, तुमची पोरगी आमची." सुपारी फुटली होती, पंधरा दिवसांवर साखरपुडा होता.

आणि त्याआधीच्या बाजाराला श्रीपाद तिला अभनपूरला घेऊन गेले. पदराखाली हात झाकून ती उभी होती. भैय्यालाल बाहेर आले. "कुसुमबाई, हात." ती हलली नाही. "अगं, उपडा कर ना." तिनं केला.

पावडर पडली, आणि दिसली नाही. डागावर पडली ती डागातच मिसळली, कडेला पडली तेवढी दिसली. भैय्यालालनी हात पाहिला आणि दोन पावलं मागे झाले. "ये क्या है? तुम्हारे पाउडर से हुआ है क्या? मेरे ग्राहक भी यही हाथ में लेते हैं, भाई!"

दुकानात चार माणसं होती. सगळी बघत होती. मी श्रीपादांच्या हातात होते, त्यांच्या बोटांचा घाम मला लागत होता. खरं काय ते त्यांना माहीत होतं. पावडरनं नाही, स्लरीनं झालंय, माझ्या शेडमध्ये, माझ्यामुळे, एवढंच म्हणायचं होतं. पण बाजारात एवढं बारीक कोण ऐकून घेणार? लोक पावडरच म्हणाले असते आणि धंदा बसला असता. हेही मला कळत होतं.

"नहीं, नहीं," ते म्हणाले. "पाउडर का क्या संबंध? बीमारी है इसको. सफेद दाग. खानदानी है."

कुसुमनं त्यांच्याकडे पाहिलं. हिंदी तिला चांगली कळायची. हातावरची पावडर तिनं झटकली नाही, हात तसाच धरून ती गाडीपर्यंत चालत गेली.

अभनपूर केवढंसं गाव. त्या चार माणसांतला एक त्याच धान्याच्या गोदामात जायचा. तिसऱ्या दिवशी मुलाकडून निरोप आला, कोड असलेल्या घरात सोयरीक नको.

त्या बाजारानंतर मी शेडवर परत गेलेच नव्हते, ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी, बाहेरच्या खोलीतल्या स्टुलावर होते. रविवारी सकाळी कुसुम तिथे आली. यशोधननं दार उघडलं, "पापा, कोई आंटी आई हैं," म्हणाला आणि आत गेला. ती खाली बसली. विजयाबाईंनी चहा आणला. घरच्या कपात नाही, मोलकरणीसाठी वेगळा ठेवलेला असतो त्या कपात. कुसुमनं कप पाहिला, बाजूला सरकवला.

"भाऊ, मले काही नको," ती म्हणाली. "फक्त एकदा माह्यासंगं अभनपूरले चला. त्यायले एवढंच सांगा का हे कामावर झालं. माह्या बोलण्यावर त्यायचा इश्वास नाही. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली तं म्हणते, मालकानंच सांगितलं ना खानदानी हाय म्हणून?"

श्रीपाद वर्तमानपत्राची घडी घालत होते. ती घडी घालून झाली तरी ते ती घालतच राहिले. "मी काय सांगू, कुसुमबाई? मी डॉक्टर थोडीच आहे? कशानं झालं कोण जाणे."

"तुमाले मालूम नाही?"

"समजून घे जरा. भैय्यालालला कळलं तर शेड बंद पडेल. मग तूच कुठं जाशील?"

"माह्या पोरीचं काय चुकलं, भाऊ? तिनं तं तुमची स्लरी पाह्यली बी नाही."

त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उलगडलं. विजयाबाई दारात उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या बोलतील. ज्या बाईनं निळीचं मर्म एका वाक्यात सांगितलं होतं तिला हे कळत नसेल असं मला अजूनही वाटत नाही. पण त्या खाली बघत राहिल्या.

कुसुम उठली. स्टुलावरून तिनं मला उचललं, झाकण फिरवलं आणि माझ्यातली सगळी पावडर स्वतःच्या उपड्या हातावर ओतली. हातावर, साडीवर, फरशीवर ती सांडत राहिली. रिकामी झाले तेव्हा तिनं तो हात श्रीपादांच्या डोळ्यांपुढे नेला.

"घ्या. पाहा आता. दोन वर्षं तुमी रोज पाह्यला हा हात. सांगा मले, याच्यातली पावडर कोणती अन् माही कातडी कोणती?"

श्रीपादांनी मान फिरवली. पावडर फरशीवर गळत राहिली. कुसुमनं मला परत स्टुलावर ठेवलं. असं ठेवलं की वाजूसुद्धा दिलं नाही.

ती दारापर्यंत गेली असेल, तेव्हा विजयाबाई बोलल्या. "ती बरणी..." त्या म्हणाल्या. "ती बरणी घेऊनच जा तू. आता... आता आमच्या काय कामाची?"

सहा वर्षं मी त्यांच्या फळीवर होते. माझ्यातलं मेतकूट त्यांनी आपल्या हातानं मुलाच्या भातावर वाढलं होतं. त्या हाताला आता मला शिवायची भीती वाटत होती. मला राग आला नाही, लाज वाटली. कुणाची, ते नीट सांगता येत नाही. कुसुमनं परत येऊन मला पदरात घेतलं. निघताना माझा गळा दाराच्या चौकटीला लागला, तोच हा टवका.

याला आता चार वर्षं झाली. मी बीरगावात कुसुमच्या खोलीत आहे. तिनं माझ्यात खोबरेल भरलंय. ती आता एका खानावळीमागे लाकडं फोडते. भांडी घासायला किंवा पोळ्या लाटायला तिला कोणी घेत नाही, हात बघून. शेडची बातमी शेजारणी आणतात. पावडर चांगली खपते म्हणे. श्रीपाद आता बाजाराला जाताना एक काळी पाटी बरोबर नेतात, पोरांची असते ना शाळेची, तशी. तिच्यावर पावडर ठेवून दाखवतात. पाटी तेव्हाही मिळत होती. रायपूरच्या सदर बाजारात, कुठल्याही दुकानात.

सोनियाला बघायला त्यानंतर तीन ठिकाणचे लोक आले. तिन्ही वेळा मी फळीवर होते. पोहे खाऊन झाले की कोणीतरी बाई पदर सावरत हळूच म्हणते, "पोरी, हात दाखव बरं." सोनिया तळहात पुढे करते. "असे नाही गं. उपडे कर." सोनिया हात उपडे करते. कुसुम त्या वेळी चुलीकडे तोंड करून बसते. पाहुण्या खाली वाकून बोटांच्या बेचक्यांतसुद्धा बघतात, काही सापडत नाही, आणि तरी निरोप नाहीचाच येतो.

तुमच्यापैकी कोणी अभनपूरला जाणारं असेल तर माझं एक काम करा. धान्याच्या गोदामाकडे ते घर आहे, कोणीही दाखवील. मुलाचं लग्न कधीच दुसरीकडे झालं, त्यात आता बदल व्हायचा नाही. तरी त्याच्या आईला एवढं सांगा की ते खानदानी नव्हतं. स्लरीनं भाजलेलं होतं. एका बरणीनं पाहिलंय म्हणून सांगा, हसली तर हसू द्या.

रोज सकाळी कामाला निघण्याआधी सोनिया माझं झाकण उघडते, तेल घेते आणि आईच्या हातांना चोळते. मग उरलेलं स्वतःच्या हातांवर फिरवते. मी अगदी जवळून बघते. तिचे हात काळे आहेत, आईचे होते तसे, आणि त्यांवर कुठेही काहीही नाही.